सही होती, होकार नव्हता

शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या मशिनशॉपचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो. मालक पन्नाशीच्या आतबाहेरचा, स्वतः लेथवर उभा राहणारा. दोन कामगार, एक भाचा आणि शिरोलीच्या एमआयडीसीतून येणारं जॉबवर्क, एवढाच पसारा. मागच्या वर्षी त्यानं जुनं मशिन काढून नवं घ्यायचं ठरवलं आणि एका वित्तसंस्थेकडून बारा लाखांचं कर्ज घेतलं. व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षं. रिटर्न भरायच्या वेळी त्याची फाईल समोर घेतली तेव्हा आकडे जुळेनात. मंजूर झाले होते १२,००,००० रुपये. खात्यात जमा होते ११,२५,८४०.

"हे साठ हजार कुठं गेले?" मी विचारलं.

"प्रोसेसिंगचं असंल की."

"प्रोसेसिंग वेगळी धरलीय, १४,१६०. हे साठ हजार विम्याचे आहेत."

"विमा?" तो थांबला. "मी कुठं विमा काढलाय, साहेब?"

मशिनवाल्याला पूर्ण बारा लाख द्यायचे होते. कमी पडलेले ७४,१६० रुपये त्यानं भिशी उचलून भरले होते. म्हणजे हातात न आलेल्या पैशावर एकीकडे व्याज चालू, आणि ती तूट भरायला दुसरीकडे भिशी तोट्यात उचललेली. साठ हजारांचं सात वर्षांचं गणित मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटरवर केलं. ११ टक्क्यांनी महिन्याच्या हप्त्यात या रकमेचा वाटा साधारण १,०२७ रुपये येतो. ८४ हप्त्यांत तो ८६ हजारांच्या वर जातो. न मागितलेल्या विम्याची खरी किंमत ही आहे. मंजुरीपत्रावरचा साठ हजारांचा आकडा ती सांगतच नाही.

विम्याचं प्रमाणपत्र त्याला मिळालंच नव्हतं. शोधल्यावर कळलं की ते ई-मेलनं गेलंय, आणि अर्जात घातलेला ई-मेल भाच्याचा आहे. भाच्यानं तो कधी उघडलाच नव्हता. आम्ही उघडला. कर्ज सात वर्षांचं आणि विमा पाच वर्षांचा. आणि सोबत एक आरोग्याचं प्रतिज्ञापत्र. त्यात एकेका आजारासमोर 'नाही'वर खूण. मधुमेहासमोरही 'नाही'. हा माणूस गेली आठ वर्षं साखरेच्या गोळ्या घेतोय. त्याच्या वर्कशॉपमध्ये चहा सांगितला की त्याचा बिनसाखरेचा वेगळा येतो, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. खुणा त्यानं केल्या नव्हत्या. खाली सही मात्र त्याचीच होती.

उद्या त्याला काही झालं असतं तर? बायको प्रमाणपत्र घेऊन गेली असती, कंपनीनं दवाखान्याचे कागद मागवले असते, आणि 'आजार लपवला' म्हणून दावा नाकारला असता. प्रीमियम गेला, व्याज गेलं, आणि ज्या दिवसासाठी विमा असतो त्या दिवशी घरावर कर्ज तसंच उभं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. जबरदस्तीनं गळ्यात मारलेली वस्तू निदान उपयोगाची तरी असावी. इथं विकतानाच ती फाडून दिलेली होती.

हे कुणाला सांगितलं की पहिलं वाक्य एकच ऐकू येतं: "वाचून सही करायला काय झालं होतं?" सुशिक्षित माणसंच हे जास्त म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडायचं आहे.

कर्जाच्या टेबलावर सही कशी होते ते आठवून बघा. मंजुरी आलेली असते, मशिनवाल्याला तारीख दिलेली असते, नाहीतर घर घेणाऱ्याचा विसार अडकलेला असतो. समोर तीस-चाळीस पानांचा गठ्ठा, बहुतेक इंग्रजीत. पानापानावर पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली. हितं करा, हितं करा, आणि हितं. मध्येच कुणी विचारलंच की हा विम्याचा फॉर्म कशाला, तर उत्तर ठरलेलं: "त्याशिवाय सिस्टिम फाईल पुढं घेत नाही." या वाक्यापुढं उद्यमनगरातला कारखानदार काय वाद घालणार? त्याला पैसे हवेत आणि देणारा समोर बसलाय. आपल्या करार कायद्यानं १८७२ सालीच सांगून ठेवलंय की एक बाजू दुसरीच्या इच्छेवर हुकमत चालवण्याच्या स्थितीत असेल आणि तिनं त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, तर ती संमती मुक्त संमती नव्हे. कर्ज मागणारा आणि देणारा यांच्यातलं नातं बरोबर असं असतं. सही हा त्या नात्याचा शेवट असतो. पण वाद झाला की आपण सहीपासूनच सुरुवात करतो, आणि तिच्या आधी काय घडलं ते बघायचंच सोडून देतो.

सहीच्या मागे जाऊन बघावं, हा विचार आपल्याकडं नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि मग पुणे-नगरकडच्या गावोगाव तेच झालं. जमावाला हवे होते कर्जरोखे. ते ताब्यात घ्यायचे आणि जाळायचे. माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर भर होता, कारण कोर्टात त्यांना हरवत होता तो कागदच. त्यावर अंगठा होता, आणि अंगठा असला की न्यायाधीशाला पुढं विचारायचं काही उरत नव्हतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा करावा लागला. त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं की रोख्यावर लिहिलेल्या रकमेवर थांबू नका, व्यवहाराचा इतिहास पहिल्यापासून तपासा, मूळ मुद्दल किती आणि चढवलेलं किती ते वेगळं करा. शेतकऱ्याला पावती मिळण्याचा, वर्षाचा हिशेब मिळण्याचा, पासबुकाचा हक्क दिला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळं तो कायदा इथं लागू नव्हता. पण पुणे, सातारा, सोलापूर, नगर इथल्या माणसांनी भोगून मिळवलेली ही समज सगळ्या मराठी मुलखाची आहे. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आपण पुन्हा 'सही आहे ना, मग झालं' इथंच येऊन बसावं, याचं वाईट वाटतं.

आता परदेशात काय झालं ते सांगतो, कारण ते थेट आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर हप्तासंरक्षण विमा विकायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. आजारी पडलात, नोकरी गेली तर हप्ते विमा भरेल, असं सांगायचं. पुढं उघड झालं की ज्यांना त्या विम्याचा दावा कधी करताच आला नसता अशा स्वयंरोजगारातल्या लोकांनाही तो विकला होता. कित्येकांना तो आपल्या कर्जात आहे हेच माहीत नव्हतं. नियामकानं बँकांना सांगितलं की जुन्या तक्रारी नव्या निकषांवर तपासा आणि पैसे परत करा. बँकांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि २०११ मध्ये हरली. तक्रारीसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरली, आणि त्या सगळ्या प्रकरणात बँकांनी ग्राहकांना परत केलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांवर गेली. आजच्या दरानं चार लाख कोटी रुपयांहून जास्त.

त्यातला एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो: प्लेव्हिन विरुद्ध पॅरागॉन, निकाल २०१४, ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय. महाविद्यालयात शिकवणारी एक विधवा. ३४,००० पौंडांचं कर्ज, मुदत दहा वर्षं. त्याबरोबर ५,७८० पौंडांचा एकरकमी विमा, आणि विम्याची मुदत पाच वर्षं. मशिनशॉपच्या फाईलमध्ये सात आणि पाच हे आकडे दिसले तेव्हा मला हाच खटला आठवला. त्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के कमिशनच होतं, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. न्यायालयानं म्हटलं की शंभरातले सत्तरहून जास्त विकणाऱ्यांच्या खिशात जातात हे कळलं असतं तर कुठल्याही शहाण्या माणसानं विचारलं असतं की हा सौदा माझ्या भल्याचा आहे का. ते तिच्यापासून दडवल्यामुळं कर्ज देणारा आणि घेणारी यांच्यातलं नातंच अन्यायाचं झालं. या निकालात 'तिनं सही केली होती का' हा प्रश्न मधे आलाच नाही. प्रश्न होता तिला काय माहीत होतं आणि समोरच्याला काय माहीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं गाडीच्या कर्जाच्या एका प्रकरणात याच विचारानं निकाल दिला. तिथं कर्जाच्या एकूण खर्चातला ५५ टक्के वाटा विक्रेत्याचं कमिशन होता.

आपल्याकडं कायदे नाहीत असं मात्र कुणी समजू नये. आहेत, आणि चांगले आहेत. एक वस्तू किंवा सेवा हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ बंदी असलेली व्यापारी प्रथा आहे. २०१९ च्या कायद्यात ती आहे, १९८६ च्या कायद्यातही होती. विमा ऐच्छिकच असला पाहिजे, तो बँकेच्या दुसऱ्या सेवेला जोडायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट सांगितलंय. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांबरोबर मुख्य माहितीचा एक तक्ता देणं बंधनकारक झालंय. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा, त्यात विम्यासारखे तिसऱ्याकडं जाणारे खर्च धरून कर्जाचा खरा वार्षिक दर दाखवायला हवा, आणि त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. बचत गटांच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी २०२२ चे वेगळे निर्देश आहेत: कर्जाशिवाय दुसरं काही द्यायचं तर पूर्ण संमतीनं, आणि त्याची फी कर्जाच्या कार्डावर लिहून. हातकणंगले, शिरोळकडच्या बायकांच्या हातातली कार्डं मी बघितली आहेत. त्यातल्या किती जणींना 'इन्शुरन्स' या रकान्यातल्या आकड्याचा अर्थ कुणी समजावलाय, हे त्यांनाच विचारा.

मग अडतं कुठं? मला वाटतं दोन ठिकाणी. पहिलं, संमती मिळाली का हे सिद्ध करायचं ओझं प्रत्यक्षात कर्जदाराच्या डोक्यावर येतं. कागद संस्थेकडं, सही संस्थेकडं, आणि 'मला सांगितलं नव्हतं' हे सिद्ध करायचं कारखानदारानं. न झालेल्या बोलण्याचा पुरावा कोण कुठून आणणार? दुसरं, आणि हे मुळाचं आहे, त्या माहितीच्या तक्त्यात प्रीमियमचा रकाना आहे पण कमिशनचा नाही. साठ हजारांतले कर्ज देणाऱ्या संस्थेला किती मिळाले, हे माझ्या अशिलाला आजही माहीत नाही. मलाही नाही. एप्रिल २०२३ पासून विमा नियामकानं प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवरची कमिशनची वेगवेगळी मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा ठेवली. कंपन्यांना मोकळीक मिळाली, ठीक. पण मग ग्राहकाला तो आकडा कळण्याची सोय त्याच्याबरोबर व्हायला हवी होती.

या पैशाचा आणखी एक बारकावा सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या प्रीमियमवरचा जीएसटी काढला गेला. गट विम्यावरचा १८ टक्के राहिला. कर्जाबरोबर दिला जाणारा विमा बहुतेक वेळा गट विमाच असतो. मूळ पॉलिसी संस्थेच्या नावावर आणि कर्जदार त्यातला एक सभासद. म्हणजे तोच माणूस बाहेर जाऊन स्वतःच्या नावानं साधा मुदतीचा विमा काढेल तर कर नाही, आणि कर्जाच्या टेबलावर घेईल तर कर आहे. हे त्याला कुणी सांगत नाही.

विम्याच्या विरोधात मी नाही, हे ठासून सांगतो. २०२० आणि २०२१ मध्ये या शहरात कमावती माणसं गेली. काही घरांत कर्जाला विमा होता म्हणून बायका-पोरांच्या डोक्यावरचं छप्पर राहिलं. त्यातल्या एका घराचे कागद मीच केले होते, आणि कर्जमुक्तीचा दाखला हातात घेऊन ती वहिनी किती वेळ गप्प बसली होती ते मी विसरणार नाही. म्हणूनच तर विमा धड विकला पाहिजे. आजार विचारून, मुदत जुळवून, वारसाचं नाव घालून, प्रमाणपत्र हातात देऊन. आणि घर तारण असेल तर त्या इमारतीचा विमा, गाडी असेल तर कायद्यानं लागणारा विमा, हे वेगळे. ते मागण्याचा कर्ज देणाऱ्याला हक्क आहे. अमक्याच कंपनीचा घ्या म्हणण्याचा मात्र नाही.

टेबलापलीकडं बसलेल्या पोरावरही माझा राग नाही. तो कुणाचा तरी मुलगा आहे, गडहिंग्लज नाहीतर गारगोटीहून येऊन तिथं लागलाय. महिन्याला इतक्या पॉलिसी झाल्या नाहीत तर वरून फोन येतो. त्यानं मधुमेहासमोर 'नाही' लिहिलं ते माझ्या अशिलाचं वाटोळं करायला नव्हे. 'हो' लिहिलं तर वैद्यकीय तपासणी, तपासणी म्हणजे आठवडा, आणि महिनाअखेर चार दिवसांवर. टार्गेट ठरवणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. जबाबदारी त्याची आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. बँकर मित्र म्हणतात, विम्याचं उत्पन्न बंद केलंत तर व्याज वाढेल, शेवटी कर्जदाराच्याच खिशातून जाईल. जाऊ दे. ११ टक्क्यांचं कर्ज खरं तर साडेबारा-तेराला पडत असेल, तर साडेबारा-तेराच लिहा. माझा अशील चार ठिकाणी फिरून दराची तुलना करू शकतो, पत्र्याचा आणि सळीचा दर तो रोजच काढतो. लपवलेल्या किमतीची तुलना त्याला करता येत नाही. आणि लपवलेली किंमत कोण जास्त भरतो? ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याची घाई जास्त आहे, ज्याच्या ओळखी कमी आहेत. वकील, डॉक्टर, प्राध्यापक कर्ज घ्यायला गेले की 'विमा नको' म्हणतात आणि फाईल सुरळीत पुढं जाते. सिस्टिम त्यांच्यासाठी अडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. कर्ज आणि विमा यांच्यामध्ये काही दिवसांचं अंतर कायद्यानं ठेवा. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगानं कर्जाच्या व्यवहारानंतर सात दिवस असा विमा विकायला बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून चार दिवस थांबावं लागतं. कर्ज खात्यात पडल्यावर, डोकं शांत झाल्यावर माणसाला विचारा, विमा हवा का. ज्याला खरंच हवा तो घेईल, आणि घेताना आपली साखर किती ते खरं सांगेल. माहितीच्या तक्त्यात कमिशन टक्क्यांत नव्हे, रुपयांत लिहा. वाद झाला तर ऐच्छिक संमती होती हे विकणाऱ्यानं दाखवावं. आरोग्याच्या फॉर्मच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये सांगितलंच आहे की माहिती दडवली हे सिद्ध करायची जबाबदारी विमा कंपनीची. हाच न्याय विक्रीलाही लावा.

अन्याय्य कराराबद्दल एक खास तक्रार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं 'अन्याय्य करार', म्हणजे ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार, ही कल्पना आणली, फार मोलाची. पण त्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं. साठ हजारांच्या वादासाठी माणूस एवढ्या वर कशाला जाईल? उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला यावं म्हणून इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं. न्याय जवळ असला तर माणूस तो मागतो, हेच आपलं त्यात म्हणणं होतं. कर्जाच्या छोट्या वादांना ते जास्तच लागू आहे.

पतसंस्थांचं प्रकरण आणखी वेगळं. इथं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, आणि त्यांचं उपकारक काम मी नाकारणार नाही. पण त्या सहकार कायद्याखाली येतात, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत नाहीत. तिथं असं काही झालं तर संचालक ओळखीचे, मॅनेजर पाहुण्यातला, आणि तक्रार करणं म्हणजे तोंड बघण्यासारखं राहत नाही. निदान एवढं माहीत असावं की सहकारी संस्थेचा सभासद असला तरी ग्राहक आयोगाचं दार त्याला उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयानं तो वाद कधीच मिटवलाय.

माझ्या अशिलाला मी काय सांगितलं ते लिहितो, कारण बाकी कुणाला उपयोगी पडेल. पहिलं पत्र विमा कंपनीला: मला मधुमेह आहे, आठ वर्षं औषध चालू आहे, अर्जातल्या खुणा माझ्या नाहीत. यावर त्यांनी विमा रद्द करून पैसे परत दिले तरी चालेल आणि माहिती नोंदवून चालू ठेवला तरी चालेल. कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत पॉलिसी परत करण्याचा हक्क असतो, आणि अशिलाच्या हाती कागद कधी पडला हा प्रश्न इथं महत्त्वाचा आहे. दुसरं पत्र कर्ज देणाऱ्या संस्थेला: प्रीमियम परत करा, त्यावर घेतलेलं व्याज परत करा, आणि तुम्हाला किती कमिशन मिळालं ते कळवा. पत्र हातोहात द्यायचं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यायचा, फोनवरच्या बोलण्यावर राहायचं नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार, त्याला फी नाही. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपाल पुण्यात आहे. आणि जिल्हा ग्राहक आयोग तर आहेच. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत गेलं पाहिजे. कर्ज धंद्यासाठी होतं म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा मुद्दा ते काढतील. स्वतःच्या पोटासाठी स्वतः राबणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, हे तेव्हा ठामपणे सांगायचं. 'परतावा मिळवून देतो, निम्मे आमचे' म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागायचं नाही. ब्रिटनमध्ये अशा कंपन्यांनी इतके पैसे उकळले की शेवटी २०१८ मध्ये त्यांच्या फीवर २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली.

पण एकेकट्यानं भांडून हे सुटणार नाही, याची मला खात्री आहे. एकाला पैसे परत देऊन तोंड बंद करणं संस्थेला परवडतं. शंभरातले दोन भांडतात, अठ्ठ्याण्णव भरतात. ब्रिटनमध्ये पैसे परत आले ते नियामकानं जुन्या विक्रीचा सगळा ढिगारा उपसायला लावला म्हणून. आपल्याकडंही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अनेक ग्राहकांच्या वतीनं कारवाई करण्याचा अधिकार आहे, आणि सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र दावाही करता येतो. ज्या कर्जांत विमा आणि कर्ज एकाच दिवशी, प्रीमियम कर्जातूनच कापलेला, आणि विम्याची मुदत कर्जापेक्षा कमी, एवढ्या तीन खुणा दिसतात ती खाती संगणकावर एका दुपारी निघतील. ती काढायला लावणं आणि कर्जदारानं अर्ज करायची वाट न बघता त्याला पत्र पाठवायला लावणं, हे नियामकाचं काम आहे.

पत्रं देऊन एकवीस दिवस झाले. विमा कंपनीनं दवाखान्याचे कागद मागितलेत, संस्थेकडून अजून काही नाही. दरम्यान अशिलानं गल्लीत ही गोष्ट सांगितली. त्याच रांगेतल्या सहा जणांनी आपापली कर्जाची स्टेटमेंट माझ्याकडं आणून दिली. त्यातल्या चौघांच्या फाईलमध्ये तीच नोंद आहे, एकाची ३८,५००, एकाची ५२,०००, बाकी दोघांची त्याहून थोडी कमी. चौघांपैकी एकालाही विचारलेलं नव्हतं. एकाची बायकोच हिशेब ठेवते. तिनं मंजुरीपत्र, स्टेटमेंट आणि प्रत्येक हप्त्याची पावती तारखेप्रमाणं लावून पिशवीत आणली होती आणि एवढंच विचारलं, "सगळ्यांचा अर्ज एकत्र करता येतोय का?" मी मसुदा लिहायला घेतलाय.